कुंदाताईंचा बोलका काटा

आमच्या साखर कारखान्यात पहिला संगणक आला, तेव्हा तो ठेवायचा कुठे यावर बराच खल झाला. यंत्राला धूळ चालणार नाही, असं देणाऱ्यांनी बजावलं होतं, आणि घनसावंगीच्या त्या पट्ट्यात ऊसतोडीच्या दिवसांत धूळ नसलेली जागा कुठून आणणार? शेवटी वसाहतीतल्या वाचनालयावर सगळ्यांचं एकमत झालं. जिथं माणसं फिरकत नाहीत तिथं धूळही फार येत नसणार, असा त्यामागचा विचार होता. मी त्या वाचनालयाचा ग्रंथपाल. विचारात चूक काढण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी गप्प बसलो. पोथ्यापुराणांची कपाटं सरकवून मधे प्लायवूडची भिंत घातली, पलीकडे एसी बसला, आणि एका सकाळी त्या भिंतीपलीकडून आवाज आला, "आले बरं का."

कोण आलं म्हणून मी डोकावलो. अबोली रंगाची सुती साडी नेसलेल्या, तिशीच्या एक बाई हातातला स्टीलचा डबा टेबलावर ठेवत होत्या. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. त्या खोलीलाच सांगत होत्या.

कुंदाताईंची आणि माझी ओळख ती अशी. पुढे कितीतरी वर्षं ती भिंत आमच्या मधे राहिली, पण तिचा उपयोग फक्त एसीला झाला. ताईंचं बोलणं तिला जुमानत नव्हतं. त्या जे करत ते सांगत करत. आता चहा पिते, आता भांडं विसळते, आता बघते ह्या मशीनला काय झालं. मी अलीकडे पुस्तक उघडून बसलेला असे. पहिले काही दिवस मला वाटायचं, आपण उत्तर द्यायला हवं. मग कळलं की उत्तराची अपेक्षा नसते. आपण कुठवर आलो हे कुणाच्या तरी कानावर पडलेलं असावं, एवढंच.

त्या वाटूरच्या. आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती, वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, जमीन धरली. मुलगी गणितात हुशार निघाली म्हणून औरंगाबादला शिकायला ठेवली. तिनं बी.एस्सी. केलं आणि वर संगणकाचा डिप्लोमाही. कारखान्यातली त्यांची नेमणूक मात्र हंगामी होती. आप्पांनी एकच अट घातली होती: दोन हंगामांत नोकरी पक्की झाली तर राहा, नाही तर पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की घरी यायचं आणि दाखवू त्या स्थळाला हो म्हणायचं. ताईंनी हे पहिल्याच आठवड्यात मला, एसी दुरुस्त करायला आलेल्या माणसाला आणि रस्त्यावरच्या केळीवाल्याला सांगून टाकलं होतं.

त्यांचा तो स्टीलचा डबा जेवणाचा नव्हता. त्यात फ्लॉप्या असत. प्रोग्राम लिहायचा वाचनालयाशेजारी आणि चालायचा वजनकाट्यावरच्या दुसऱ्या संगणकात, फाटकाजवळच्या केबिनमध्ये. मधल्या वाटेवर उसाच्या गाड्यांनी उडवलेला फुफाटा. म्हणून फ्लॉपी डब्यात, डब्याचं झाकण घट्ट, डबा पदराखाली. एकदा घाईत डब्यांची अदलाबदल झाली. काट्यावरच्या लिंबाजीनं उघडलं तर आत भाकरी आणि ठेचा. तो म्हणाला, "ताई, ह्ये मशीनला तिखट लागंल." लिंबाजी काट्याचा कारकून. संगणक यायच्या आधी तो वजन वाचून, गाडीवानाकडे तोंड करून, खणखणीत आवाजात ओरडून सांगायचा. संगणक आल्यावर त्याचं ओरडणं गेलं आणि त्याला खुर्ची मिळाली. ह्या बदलाबद्दल त्याचं मत कधी पक्कं झालं नाही.

ताईंचा प्रोग्राम सी भाषेत होता. मला त्यातलं काही कळत नसे, पण त्या मोठ्यानं वाचत, त्यामुळे कानावरून बरंच गेलं. काम साधंच वाटायचं. भरलेली गाडी काट्यावर उभी राहिली की वजनाचा आकडा तारेतून संगणकात यायचा आणि प्रोग्राम तो गाडीच्या नावावर लिहून घ्यायचा. गाडी रिकामी होऊन परत आली की पुन्हा वजन, वजाबाकी, आणि दुसऱ्या खिडकीतून पावती. पहिल्या हंगामात ह्यात एक खोड निघाली. अधूनमधून एका गाडीचं वजन मागच्या गाडीच्या नावावर पडायचं. बैलांच्या टायरगाडीवाल्याला ट्रकचं वजन मिळालं तर तो काही तक्रार करायला येत नाही. ट्रकवाला मात्र येतो.

खोड सापडेना, तेव्हा ताईंनी प्रोग्रामला बोलायला शिकवलं. प्रोग्रामचा प्रत्येक तुकडा सुरू झाला की केबिनमधल्या एका जुन्या प्रिंटरवर ओळ उमटायची, आणि संपला की आणखी एक. रोमन अक्षरांत, पण भाषा वाटूरची. तुकडा सुरू होताना ALE. संपताना YETE. पुण्याहून यंत्राची तपासणी करायला आलेल्या इंजिनिअरनं विचारलं, संपतंय तर GELE का लिहिलं नाही? ताई म्हणाल्या, निघताना कुणी 'गेले' म्हणतं का? त्या तरुणानं मान डोलावली आणि आपल्या वहीत काहीतरी लिहून घेतलं.

काही बिघडलं तर किती बिघडलं हे कळावं म्हणून त्यांनी पायऱ्याही पाडल्या होत्या. किरकोळ असेल तर AGA. त्याहून जास्त असेल तर AGA BAI. आणि सगळं सोडून धावत यावं असं असेल तर AGA BAI GA. कुठल्या पायरीपासून वरचं छापायचं, हे एका ठिकाणी ठरवता यायचं. लिंबाजीला इंग्रजी येत नव्हतं, पण ह्या पायऱ्या त्याला एका दिवसात पाठ झाल्या. तिसरी आली की तो खुर्चीतून उठून थेट वाचनालयाकडे धावत सुटायचा.

गंमत अशी की प्रोग्राम बोलायला लागला आणि खोड गायब झाली. ओळीच्या ओळी कागदावर यायच्या, पण चूक त्यात एकदाही पकडली गेली नाही, कारण ती झालीच नाही. ताई अस्वस्थ होत्या. बरं झालेलं दुखणं कशानं बरं झालं हे कळल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. मला म्हणाल्या, "भाऊ, न सांगता गेलेला पाव्हणा परत येतो बघा." आणि त्या भीतीपोटी त्यांनी सगळ्या ओळी तशाच राहू दिल्या.

पुढच्या हंगामात ऊस भरमसाट आला. प्रिंटर एक ओळ छापायचा, डोकं मागं न्यायचा, दुसरी छापायचा. शिवाय लाईट गेली तर पुरावा हरवू नये म्हणून ताईंनी तीच ओळ दर वेळी डिस्कवरही लिहायला लावली होती. एकेका गाडीमागं हे सगळं होईपर्यंत मागची गाडी ताटकळायची. रांग फाटकाबाहेर गेली, मग रस्त्यावर, मग पार ओढ्याच्या पुलापर्यंत. जिथून ऊस गाळपाला आत जातो त्या गव्हाणीत तो कमी पडायला लागला. बाहेर ऊस वाळतोय आणि आत कारखाना उपाशी, हे दृश्य कुठल्याही चेअरमनला सहन होणारं नव्हतं. आमचे चेअरमन मोजकं बोलणारे होते. ते काट्यावर आले, प्रिंटरकडे बघत उभे राहिले, आणि म्हणाले की संक्रांतीपर्यंत रांग हटली नाही तर हे यंत्र उचला आणि लिंबाजीला उभं करा.

यंत्र उचललं की यंत्रामागच्या बाईही उचलल्या जाणार, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. वाटूरला निरोप बहुधा पोचला असावा, कारण त्याच आठवड्यात आप्पा एका स्थळाचा फोटो घेऊन आले. ताईंनी तो संगणकाला टेकवून ठेवला आणि काम करत राहिल्या. फोटोतल्या गृहस्थांनी त्या दिवसांत सी भाषेचं बरंच काही ऐकलं.

आधी त्यांनी ओळी बंद केल्या. म्हणजे एक खूण ठेवली: ही खूण 'बंद' असेल तर छापू नकोस, लिहू नकोस. काट्यावर जाऊन पाहिलं. फरक पडला, पण मनासारखा नाही. प्रिंटर गप्प होता, डिस्क गप्प होती, आणि गाडी तरीही रेंगाळत होती. ताई परत आल्या, प्रोग्राम उघडला, पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचत गेल्या, आणि मधेच थांबल्या. असं थांबणं इतकं दुर्मीळ होतं की मी पुस्तक मिटून भिंतीपलीकडे गेलो.

त्यांनी मला समजावून सांगितलं, कारण समोर मीच होतो. 'बंद' आहे की नाही हे प्रोग्राम सगळ्यात शेवटी बघत होता. आधी तो निरोप तयार करायचा: वजन घ्यायचा, दशांशासकट त्याची अक्षरं करायचा, गाडीचा नंबर जोडायचा, वेळ जोडायचा. आमच्या यंत्रात दशांशाची आकडेमोड करणारी वेगळी चिप नव्हती, त्यामुळे हे काम त्याला फार जड जायचं. एवढं सगळं झाल्यावर तो बघायचा की छापायचं नाहीये, आणि तयार निरोप टाकून द्यायचा.

"पाव्हणा येणार न्हाई हे मला माहीत हाये," ताई म्हणाल्या. "तरी मी कणीक मळून राह्यले, पोळ्या लाटून राह्यले, ताट वाढून राह्यले. आन् मंग दाराशी जाऊन बघते तर पाव्हणा न्हाई. आधी दाराशी जायला काय झाल्तं मला?"

मग त्यांनी प्रश्न आधी आणला. 'बंद' असेल तर निरोप तयारच करायचा नाही. आणि अगदी बारीकसारीक ओळींसाठी सी भाषेत आणखी एक सोय असते, ती वापरली: त्या ओळींसाठी एक शब्द ठरवायचा आणि प्रोग्राम तयार होतानाच सांगायचं की ह्या शब्दाच्या जागी काहीच नाही असं समज. मग त्या ओळी यंत्रापर्यंत पोचतच नाहीत, 'बंद' आहे का हे विचारण्याचाही वेळ जात नाही. लिहिलेल्या असतात, पण चालणाऱ्या प्रोग्रामात नसतात. ही सोय मला आवडली. ग्रंथपालाला समजण्यासारखी होती. मीही काही पुस्तकं यादीत ठेवून कपाटातून काढून ठेवत असे.

दुसऱ्या दिवशी काटा वाऱ्यासारखा चालला. दुपारपर्यंत रांग पुलावरून मागं सरकली. आणि दुपारनंतर एका टायरगाडीला पुन्हा ट्रकचं वजन मिळालं.

ताई केबिनच्या पायरीवर बसल्या. मी त्यांना चहा नेऊन दिला होता, तो हातात तसाच. समोर काट्यावर एक बैलगाडी चढत होती. बैल थांबला, पण थांबला म्हणजे काय? त्यानं एक पाय बदलला, मग दुसरा, जू हललं, गाडी जराशी मागं आली, पुढं गेली, आणि मग कुठं सगळं स्थिर झालं. ताई बघत राहिल्या. मग हसायला लागल्या, इतक्या की चहा साडीवर सांडला.

खोड पहिल्यापासून तीच होती. प्रोग्राम घाई करत होता. गाडी नीट उभी राहायच्या आत, कधीकधी तर काट्यावरचा आधीचा आकडा बदलायच्या आत, तो वजन उचलायचा. ओळी छापायला लावल्यावर मधे इतका वेळ जाऊ लागला की बैल आपोआप शांत व्हायचे. "माझ्या बडबडीनं खोड बरी झाली न्हवती भाऊ," त्या म्हणाल्या. "बैलाला उभं राह्याला सवड भेटून राह्यली होती."

उपाय मग सरळ होता. आकडा बदलून स्थिर होईपर्यंत, पाठोपाठ तोच येईपर्यंत, प्रोग्रामनं थांबायचं. बैलाला लागतो तेवढाच वेळ. प्रिंटरला लागायचा त्याच्या पासंगालाही पुरत नाही. तरीही पुन्हा काही झालंच तर कळावं, म्हणून ताईंनी निरोपांसाठी एक छोटी जागा संगणकाच्या स्मरणात ठेवली. रहाटाला गाडगी असतात तशी. नवं गाडगं भरायचं, जुनं ओतून जायचं, चाक फिरत राहायचं. त्यातही त्यांनी अक्षरं केलीच नाहीत, नुसते कच्चे आकडे टाकले. अक्षरं करायची वेळ आली तरच करायची. वजन संशयास्पद आलं की AGA BAI GA, आणि त्या वेळेपुरती सगळी गाडगी कागदावर ओतायची. एरवी चूप.

रांग हटली. संक्रांत अजून लांब होती. ताईंनी स्थळाचा फोटो पाकिटात घालून वाटूरला परत पाठवण्याची तयारी केली. आणि मग जे झालं ते आम्हा कुणाच्याच मनात आलं नव्हतं.

अंकुशनाना म्हणून एक जुने गाडीवान होते, आमच्या कारखान्याचं पहिलं गाळप पाहिलेले. त्यांनी गाडी काट्यावर घेतली. लिंबाजीनं पुढं व्हा म्हणून हात केला. नाना जागचे हलले नाहीत. लिंबाजीनं पुन्हा हात केला. नाना म्हणाले, आधी वजन घ्या. वजन झालं, लिंबाजी म्हणाला. नाना म्हणाले, कधी झालं? मशीन तर बोललंच न्हाई.

मागच्या गाडीवाल्याला ते पटलं. त्याच्या मागच्यालाही. मागच्या हंगामापासून त्यांच्या कानांना सवय झाली होती: गाडी चढायची, खिडकीतल्या त्या जुन्या प्रिंटरचा किर्रकिर्र आवाज यायचा, आणि आपला ऊस मोजला गेला हे कळायचं. पावती तर रिकाम्या गाडीबरोबर, दुसऱ्या खिडकीतून, बऱ्याच वेळानं. त्याआधी वजन खरंच घेतलं ह्याला साक्ष फक्त तो आवाज. आता कारखान्यानं आवाजच काढून घेतला होता, आणि गाड्या भराभर पुढं ढकलत होता. ह्यात काहीतरी काळंबेरं आहे, असं कुणालाही वाटलं असतं. नाना गाडीवरून उतरले, बैल सोडले आणि काट्यावरच बसले. तासाभरात रांग पुन्हा पुलावर.

चेअरमन आले. त्यांनी एकदा नानांकडे पाहिलं, एकदा ताईंकडे, आणि लिंबाजीला विचारलं की तुला अजून पहिल्यासारखं ओरडता येतं का. लिंबाजी खुर्चीतून अर्धा उठला. त्याचा चेहरा मला आठवतो; त्याला बहुधा आनंदच झाला होता.

ताई पुढं झाल्या. त्या नानांजवळ गेल्या आणि काट्याच्या लोखंडी पत्र्यावर त्यांच्या शेजारी बसल्या. काय बोलणं झालं ते मला लांबून ऐकू आलं नाही, पण बराच वेळ नानाच बोलत होते आणि ताई ऐकत होत्या, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी होती. मग त्या उठल्या, चेअरमनना म्हणाल्या, "साहेब, अर्धा घंटा द्या मला. जल्दी येते," आणि डबा पदराखाली घेऊन वाचनालयाकडे निघाल्या.

मी बरोबर चालत होतो. वाटेत त्या म्हणाल्या, "आमच्या मेंढरांत घंटी एकाच्याच गळ्यात असायची. समद्यांच्या गळ्यात बांधली तर नुसता गोंधळ. पण एकाच्याही गळ्यात न्हाई बांधली तर आजोबाला झोप लागायची न्हाई. मी कालपर्यंत समद्यांच्या गळ्यात बांधल्या, आन् आज समद्याच काढल्या."

त्यांनी एक ओळ परत आणली. एकच. वजन स्थिर झालं, गाडीच्या नावावर पडलं, की जुन्या प्रिंटरवर गाडीचा नंबर, वजन, आणि शेवटी YETE. ही ओळ 'बंद'च्या खुणेखाली ठेवली नाही. ती कुणालाही बंद करता येऊ नये, अशी ठेवली. परत काट्यावर जाऊन त्यांनी फ्लॉपी घातली, प्रिंटरचं तोंड खिडकीबाहेर वळवलं आणि लिंबाजीला एक काम सांगितलं: आवाज झाला की गाडीवानाला विचारायचं. त्यानं मान हलवली तरच गाडी पुढं.

नानांनी बैल जुंपले. बैलांनी पाय बदलले, थांबले. प्रिंटर एकदा किर्र वाजला.

"आला का आवाज?" लिंबाजीनं विचारलं. जुन्या दिवसांतल्या, खणखणीत आवाजात.

नानांनी मान हलवली आणि गाडी पुढं काढली. चेअरमन बराच वेळ तिथं उभे होते. रांग बघत होते. जाताना फक्त म्हणाले की हे यंत्र राहू द्या. पुढच्या वर्षीच्या नेमणुकीच्या कागदावर ताईंच्या नावापुढे हंगामी हा शब्द नव्हता. आप्पांनी त्यानंतरही स्थळं बघणं थांबवलं नाही आणि ताईंनी हो म्हणणं सुरू केलं नाही, पण दोघांच्या भेटी आनंदात होत. 'आला का आवाज' हे मात्र कारखान्यात रुळलं. पगार झाला का, हे विचारायचं असलं तरी लोक तेच म्हणत.

बऱ्याच वर्षांनी नवी यंत्रं आली. ताई जालन्याला गेल्या आणि तिथं मुलांना सी भाषा शिकवू लागल्या. निवृत्त झाल्यावर मीही जालन्यालाच घर केलं. त्या पुस्तकं न्यायला यायच्या. कादंबरीचं शेवटचं पान आधी वाचायची त्यांना सवय होती, आणि ते वाचून झालं की मला सांगायच्याही. माझ्याकडच्या कितीतरी कादंबऱ्या त्यांनी अशा निकालात काढल्या.

मग त्यांच्या घशाचं दुखणं निघालं. ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी बोलायचं नाही म्हणून सांगितलं. मी भेटायला गेलो तर त्यांच्या हातात मुलांची असते तशी पाटी होती. लिहिण्याचाही त्यांना कंटाळा यायचा, पण त्या दिवशी त्यांनी लिहून दाखवलं: "फक्त 'अगं बाई गं' चालू ठेवलंय. बाकी बंद." आणि आवाज न करता हसल्या. खांदे हलत होते.

औरंगाबादला तपासणीला जायच्या दिवशी मी त्यांना सोडायला बसस्टँडवर गेलो होतो. त्यांचा थोरला भाऊ बरोबर होता. तो पिशव्या घेऊन आधी चढला. ताई खिडकीशी बसल्या. पाटी पिशवीत राहिली होती. सकाळची गर्दी, कंडक्टरची घंटी, पलीकडे भोकरदनच्या गाडीची ओरड. ह्या बाई कुठूनही निघताना सगळ्या जगाला सांगून निघायच्या, आणि आज नुसत्या बसल्या होत्या. मी हात वर केला. बोलायचं नाही म्हणून मीही काही बोललो नाही.

इंजिन सुरू झालं तेव्हा त्यांनी गजाला तोंड लावलं.

"येते," त्या म्हणाल्या. आवाज कसला, नुसती एक किरकिर होती.

मग त्यांनी एक बोट आपल्या कानाला लावलं, भुवया उंचावल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

मी मान हलवली. गाडी पुढं निघाली.